मापाच्या वहीतलं दुसरं पान

जामखेड
८ डिसेंबर २०२५

त्याचं बोट वहीत राहिलं. मी वही मिटली तेव्हा तो तिसरं पान उलटत होता, दुसऱ्या हातात मोबाईल. 'काका, बोट,' म्हणाला. मी म्हटलं, 'बोट काढ. वही राहू दे.'

नाझनीन, दुआ शेवटी लिहितो. आधी हे.

त्याचं नाव पार्थ. तुझ्या कंपनीचा. पुण्याहून सकाळच्या गाडीने आला. तुमचं ते 'बेतीव' ॲप त्याने मला दाखवलं. बाईने घरी बसून कापड निवडायचं, माप आमच्या वहीतून जायचं, ब्लाऊज शिवून तिच्या दारात. पुढच्या सणाला तिला कोणता गळा शोभेल, तेही ॲप आधीच सांगणार. शिवणकाम इथल्याच बायकांना मिळणार. मला हे वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, चांगलं वाटलं. रेडीमेडवाल्यांनी आमची निम्मी गिऱ्हाइकं नेली आहेत.

मग त्याने कागद काढला. 'सर्व ग्राहकांच्या वतीने' असं छापलेलं, खाली माझ्या सहीला जागा. मी विचारलं, 'सगळ्या बायकांच्या वतीने मी कोण?' तो म्हणाला, 'तुम्ही त्यांचे टेलर.'

टेलर आहे म्हणूनच सही केली नाही. तू या दुकानात वाढलीस, तुला माहीत आहे. तुझी मामी पडद्याआड माप घेते. आकडा मोठ्याने सांगत नाही, कारण बाहेर बाकावर कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी भाऊ बसलेला असतो. चिठ्ठीवर लिहून पडद्याखालून सरकवते. मी वहीत उतरवतो आणि चिठ्ठी फाडतो. बत्तीस वर्षं असं काम केलं. त्या वहीवर तुमच्या माणसाने मोबाईल धरला.

हे फोनवर बोलणार नाही. दुकानात कान फार आहेत. लिहून कळव.

दुआ.
तुझा मामू
अब्दुल


पुणे
१३ डिसेंबर २०२५

मामू, अस्सलामु अलैकुम.

सही केली नाहीत, बरं केलंत. तशी सही चाललीही नसती.

दोन वर्षांपूर्वी कायदा झाला. त्याचे नियम गेल्या महिन्यात आले. एखाद्याची माहिती घ्यायची तर त्यालाच विचारायचं, कशासाठी हवी ते साध्या भाषेत सांगायचं, आणि तो पुढे कधीही नको म्हणाला तर सोडून द्यायचं. पण यातली बरीच कलमं लागू व्हायला अजून दीड वर्ष आहे. आमचे साहेब केदार म्हणतात, तोवर जमेल तेवढं गोळा करून ठेवू. ॲपला माणूस जितका जास्त कळेल तितकी त्याची सेवा चांगली करता येईल, असं त्यांचं म्हणणं. ते मनापासून म्हणतात. कायद्यात काय बसतं आणि काय नाही, हे सांगायला मला ठेवलं आहे. सहा महिने झाले. जानेवारीत माझी नेमणूक कायम व्हायची आहे.

पार्थ जामखेडला जाणार हे मला माहीत नव्हतं. तुमचा पत्ता त्याच्याकडे कसा गेला ते बघते.

एक सांगायचं राहिलं. तुमची वही या कायद्यात येत नाही. वही कागदावर आहे तोवर कायदा तिच्याकडे बघतही नाही. तिचा फोटो निघाला की ती कायद्यात आली.

म्हणून विचारते. तुम्ही लिहिलंत की तो तिसरं पान उलटत होता. पहिली दोन?

मामींना सलाम.
नाझनीन


जामखेड
१८ डिसेंबर २०२५

नाझनीन बेटा, दुआ.

वकील झालीस खरी. पत्र वाचून मामी म्हणाली, 'पकडलं तुम्हाला.'

पहिली दोन त्याने काढली. मी काढू दिली. कशी ते लिहितो, हसू नकोस. तो दारात उभा राहून म्हणाला, 'नाझनीन मॅडमनी पत्ता दिला.' बाकावर समोरचा चहावाला वैजनाथ बसला होता. मी म्हटलं, 'कुणी दिला?' मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं. वैजनाथला पुन्हा ऐकवायचं होतं. पार्थ पुन्हा म्हणाला, 'नाझनीन मॅडमनी.' वैजनाथ उठून न सांगता चहा घेऊन आला. चहा झाला आणि वही बाहेर आली.

पण तू काळजी करू नकोस. त्या फोटोंत काही नाही. वहीत एकाही पानावर नाव नाही. बाई पहिल्यांदा जे कापड शिवायला टाकते त्याचा बोटभर तुकडा पानावर टाचणीने लावलेला असतो. बाई पुढे केव्हाही आली की म्हणते, 'माझं हिरवं चौकड्याचं.' पान उघडतं. तुकडा तिला माहीत, मामीला माहीत, मला माहीत. उद्या चोराने वही नेली तर त्याच्या हाती चिंध्या आणि आकडे. तुमच्या इंजिनिअरांना सांग, हे जामखेडच्या सातवी पास माणसाने केलं आहे.

पहिलं पान तुझ्या अम्मीचं आहे. चौदा वर्षांपूर्वी दुकान या जागेत आणलं, वही नवी केली, तेव्हा पहिलं माप माझ्या बहिणीचं घेतलं. ती गेली, पान काढलं नाही. दुसरं पान कुणाचं ते मी तुलाही लिहिणार नाही.

आता माझा प्रश्न. तू लिहितेस पत्ता कसा गेला माहीत नाही. तो म्हणतो तू दिलास. दोघांतलं एक खोटं आहे.

मामू


पुणे
२४ डिसेंबर २०२५

मामू,

खोटं मी बोलले.

नोव्हेंबरमध्ये आमच्यात बोलणं चाललं होतं, की गिऱ्हाइकांची नावं न ठेवता त्यांना ओळखायचं कसं. मोठमोठी शिकलेली माणसं. मी तुमच्या वहीची गोष्ट सांगितली, तुकड्यांची. केदार म्हणाले, 'हे कुणी केलं?' मी म्हटलं, 'माझ्या मामूंनी.' मामू, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतकं भरून आलं होतं. त्यांनी पत्ता मागितला. मी दिला. पुढे काय होईल हे मला कळायला हवं होतं. तेच माझं काम आहे.

सोमवारी बैठक झाली. आम्ही नऊ जण, त्यात बायका दोनच. पार्थने फोटो भिंतीएवढ्या पडद्यावर लावले. पहिलं पान अम्मीचं. आकाशी कापड. मी बघत राहिले. मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी बोलायला उशीर केला.

तोवर दुसरं पान आलं. जांभळं कापड, पिवळे ठिपके. त्या ब्लाऊजचे हूक मी लावले होते, सातवीच्या सुट्टीत. तो घालून बाई आपल्या घरी आली होती. अम्मी गेली तेव्हा चाळीस दिवस आपल्याला पीठ पाठवणारी बाई. खर्ड्याच्या गिरणीवाल्या छबूबाई.

मग मी खालची ओळ वाचली. सहा वर्षांपूर्वीची, तुमच्या अक्षरात. 'नगरला ऑपरेशन झाले. डावीकडे आतून कापसाची घडी. घरी कुणाकडे देऊ नये, त्यांच्याच हातात द्यावे.'

मला हे माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत, मामींनी सांगितलं नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. पुण्यातल्या एका पडद्याने सांगितलं.

पानावर नाव नव्हतं, मामू. नावाची गरज पडली नाही. ते कापड अंगावर घालून छबूबाई बाजारात जात होत्या. खर्ड्यात ते ओळखणारी माणसं किती असतील?

पार्थ म्हणाला, 'इथे ॲप आपोआप डावीकडे अस्तर सुचवेल. ऑपरेशन झालेल्या महिलांसाठीच्या इतर वस्तूही मोबाईलवर पाठवता येतील.' त्याला हे चांगलं काम वाटत होतं. मला छबूबाईंचा मोबाईल दिसत होता. तो त्यांची सून वापरते.

मी म्हटलं, 'पडदा बंद करा.' कुणी हललं नाही. मी उठून वायर ओढली.

फोटो माझ्यासमोर पुसले गेले, सगळीकडून. ते मी तपासलं. केदार म्हणाले, 'झालं, आता विषय नको.' मी म्हटलं, ज्याचं उघडं पडलं त्याला सांगावं लागतं, असं कायद्यात आहे. ते म्हणाले, ते कलम अजून लागू नाही.

मामू, तुम्ही सांगा. लागू आहे की नाही?

नाझनीन


जामखेड
२ जानेवारी २०२६

नाझनीन बेटा, दुआ.

लागू आहे. काल खर्ड्याला जाऊन आलो.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी मशीनवर बसलो नाही. बत्तीस वर्षं मला वाटत होतं की मी नाव लिहीत नाही म्हणजे सगळं झालं. मामीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मी जाते, बायकांचं बोलणं आहे.' मी म्हटलं, ओळ माझ्या हातची आहे.

छबूबाईंची गिरणी चालू होती. मी ओरडून म्हटलं, 'गिरणी बंद करा, बोलायचं आहे.'

'चालू हाय तेच बरं हाय, मास्तर. कुनाला ऐकू जायचं न्हाई. बोला.'

मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले.

'किती मान्सं हुती?'

'नऊ.'

'बाया किती?'

'दोन. त्यातली एक आपली नाझनीन.'

'हसलं का कुनी?'

'नाही.'

'मग नाझनीननं काय केलं?'

'वायर उपटली.'

तेव्हा त्या हसल्या. 'आमच्या पिठाची हाय.'

नाझनीन, हे तुला लिहिण्यासाठी मी एसटीत पाठ करत आलो.

पुढचंही लिहितो. हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, 'लाजून न्हाई लपवलं मी. सून नवी हुती. आल्या आल्या आजारी सासू पदरात पडली, असं तिला वाटाया नको. मग सांगायचं ऱ्हाऊन गेलं. पन ते मी सांगनार हुते, मास्तर. माझ्या तोंडानं, माझ्या येळंला.'

मी मान खाली घातली.

'घडी लिवली ते ठीक. शिवाया लागती. नगर कशाला लिवलं? ऑपरेशन कशाला? ते काय शिवाया लागतं?'

मी म्हटलं, 'विसरू नये म्हणून.'

'तुमी विसरू नये म्हनून माझं दुखनं वहीत ठिवलं व्हय?'

पान फाडून आणून देऊ का, मी विचारलं. 'फाडू नका. मी येईन. कवा ते मी ठरवीन.' एवढं बोलून त्यांनी दळण घेतलं. निघताना तुझ्या मामीसाठी पाच किलो ज्वारीचं पीठ बांधून दिलं. 'मेहताबला द्या, तुमाला न्हाई.'

घरी आल्यावर मी ती ओळ खोडायला पेन उचललं. मामीने हात धरला. 'लिहिताना विचारलं नाही, आता खोडतानाही विचारणार नाही?'

ओळ तशीच आहे. वही कपाटात, किल्ली मामीकडे.

मामू


पुणे
१९ जानेवारी २०२६

मामू, अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. मग छबूबाईंना स्वतः पत्र लिहिलं आणि गिरणीच्या पत्त्यावर पाठवलं. काय लिहिलं ते तुम्हाला सांगत नाही.

गुरुवारी पुन्हा बैठक झाली. मी नाव, गाव काही न सांगता एकच वाक्य फळ्यावर लिहिलं. 'ते काय शिवायला लागतं?' कायद्यात हेच दीड पानात आहे. केदारांनी ते वाचलं. मग म्हणाले, 'असं केलं तर ॲप कुणाला ओळखणारच नाही. सेवा अर्धी होईल.' मी म्हटलं, 'अर्धी नाही. बाई म्हणेल तेवढी.' ते म्हणाले, 'बाया काहीच म्हणणार नाहीत.' तेव्हा आलिया बोलली. ती आमच्याकडे चित्रं काढते, त्या दिवशी दुसरी बाई तीच होती. एरवी बैठकीत तोंड उघडत नाही. म्हणाली, 'सर, त्या दिवशी पडद्यावर माझं पान असतं तर?'

केदार म्हणाले, 'ठीक आहे, लिहा.'

आता ठरलं आहे ते असं. वहीचे फोटो कुठल्याच टेलरकडून घ्यायचे नाहीत. बाई स्वतःचं माप स्वतः देईल. शिवायला लागतं तेवढंच विचारायचं. ब्लाऊज पोचला की ॲप विचारेल, लक्षात ठेवू की विसरू? दोन्ही बटणं सारखीच मोठी. पार्थला विसरण्याचं बटण बारीक हवं होतं. मी पट्टी घेऊन त्याच्या शेजारी बसले. शेवटी तोच म्हणाला, 'तुमच्या मामूंनी बोट चेमटवलं तेव्हाच कळायला हवं होतं.' बोट बरं आहे त्याचं.

गिऱ्हाइकाला द्यायचा कागद मी मराठीत लिहिला. एकच पान. सोबत पाठवते. मामींना वाचून दाखवा. जो शब्द त्यांना अडेल तो मी काढीन.

माझी नेमणूक कायम झाली नाही. तीन महिने पुढे गेली. केदार म्हणाले, 'नियमांसारखी तुमची नेमणूकही टप्प्याटप्प्याने.' म्हणू देत. फळ्यावरचं वाक्य अजून कुणी पुसलेलं नाही.

छबूबाई आल्या का?

नाझनीन


जामखेड
१२ फेब्रुवारी २०२६

नाझनीन बेटा, दुआ.

उत्तराला उशीर झाला. दुकानात काम होतं, पण शिवणाचं नाही.

तुझा कागद मामीला वाचून दाखवला. 'प्रयोजन' शब्द तिला अडला. तिथे 'कशासाठी' लिही. बाकी सगळं कळलं. ती म्हणाली, 'सरकारी कागद आणि मला कळला!' मी म्हटलं, 'सरकारी नाही, आपल्या नाझनीनचा आहे.' तिने तो घडी करून किल्लीजवळ ठेवला.

गेला महिनाभर जी बाई आली तिच्यासमोर तिचं पान उघडलं. वाचून दाखवलं, जिला वाचता येतं तिच्या हातात दिलं. विचारलं, ठेवू, खोडू की घेऊन जाता? बायकांना आधी वाटलं मी दुकान बंद करतोय. शाळेतल्या मनकर्णाबाई म्हणाल्या, 'मास्तर, कंबरेचा आकडा तेवढा खोडा, बाकी सरकारला कळला तरी चालेल.' एकीने पान नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं, घरी ठेवायला जागा नाही म्हणाली. एकीच्या पानावर मी 'माहेरी गेली आहे' असं लिहिलं होतं. ते वाचून ती पान घेऊन गेली. ती परत येईल असं वाटत नाही. घोडेगावला दिलेल्या एका मुलीला मामीने पान पाकिटात घालून पोस्टाने पाठवलं.

नको ते बरंच लिहिलं होतं मी, नाझनीन. वाचताना कळलं. कुणाला दिवस गेले, कुणाला गेले नाहीत. आकड्यांच्या बाजूला, बारीक अक्षरात. लक्षात राहावं म्हणून. ज्यांचं होतं त्यांच्यासमोर खोडलं. आता माझी वही हलकी झाली आहे, पण जे आहे ते विचारून ठेवलेलं आहे. बत्तीस वर्षं मला या वहीचा अभिमान होता. आजचा वेगळा आहे. या वेळी तो सगळा माझा नाही, त्यात तुझा वाटा आहे.

वैजनाथ रोज विचारतो, 'मॅडम कायम झाल्या का?' मी सांगतो, 'कायमच आहे. कागद मागून येईल.'

छबूबाई आल्या नाहीत. तुझं पत्र त्यांना मिळालं, एवढं दळणाला गेलेल्या माणसाकडून कळलं. दुसरं पान तसंच आहे, ओळीसकट. येतील तेव्हा येतील. तारीख त्यांची आहे.

मामू

१३ तारीख. पत्र टाकायचं राहिलं होतं म्हणून खाली लिहितो. आज सकाळी दुकान उघडायला गेलो तर छबूबाई पायरीवर बसल्या होत्या. बरोबर त्यांची सून, मनवा. मामीने पडदा ओढताना सुनेकडे पाहिलं. छबूबाई म्हणाल्या, 'येऊ द्या तिला आत. तिला ठावं हाय. मीच सांगितलं.' माप मामीने घेतलं, चिठ्ठी मनवाने लिहिली. ती पडद्याखालून आली. मग छबूबाईंनी वही मागितली, मनवाकडून ओळ वाचून घेतली आणि स्वतःच्या हाताने खोडली. घडी ठेवायला सांगितली. जांभळा तुकडा काढून पिशवीत टाकला. नवं कापड निळं आहे. त्याचा तुकडा कापण्याआधी मी विचारलं, लावू का? त्या म्हणाल्या, 'लावा.'